लादीवाल्याचा अंगठा

अंगठा पहिल्याच खेपेला उमटला. सौदीच्या विमानतळावरच्या यंत्रावर हिरवा दिवा लागला आणि मी सवयीनं हात मागे घेऊन पासपोर्टची वाट बघत उभा राहिलो. काचेपलीकडच्या मुलीनं मात्र शिक्का उचलला नाही. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, मग परत पडद्याकडे. नकाबातून तिचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते आमच्या मुलीपेक्षा, स्मृतीपेक्षाही लहान पोरीचे असावेत. "मुबल्लित?" तिनं विचारलं. मुबल्लित म्हणजे लाद्या बसवणारा. माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथं राहायच्या परवान्यावर, गेली दोन वर्षं हाच धंदा लिहिलेला आहे. मी "नअम" म्हणालो, म्हणजे हो. तिनं बोटानं खूण केली, हात उलटे करा. मी दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले. ते मी स्वतःही बऱ्याच दिवसांत असे पाहिले नव्हते. पांढुरके, मऊ, नखं कापलेली, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेन धरून आलेला एक जुना घट्टा. "ऑल टाइल मॅन, मशीन नो रीड," ती म्हणाली. "फाइव्ह टाइम, सिक्स टाइम. फिंगर फिनिश. यू, वन टाइम." मग तिनं पाचही बोटांची टोकं जुळवून हात वर धरला, म्हणजे इथल्या खुणेप्रमाणे जरा थांबा, आणि माझा पासपोर्ट, माझा इकामा, वासंतीचा पासपोर्ट, वासंतीचा इकामा असं सगळं टेबलावरच ठेवून ती खुर्चीवरून उठली आणि मागच्या दारानं आत निघून गेली.

"काय झालं हो?" वासंतीनं विचारलं. ती माझ्या कोपराशी उभी होती.

"काही नाही. हात बघितले."

"काय झालंय हातांना?"

"काही झालेलं नाही, तोच तर घोटाळा आहे," मी म्हणालो, आणि मला वाटलं की हे विनोदी बोलणं आपल्याला शोभलं नाही. मला विनोद जमत नाहीत. जमला असं वाटलं की नंतर बराच वेळ तो मनात तपासत बसतो.

ते दार बंद होतं. त्याच्यावर अरबीत काहीतरी लिहिलं होतं आणि मी ते अक्षर अक्षर लावत वाचू लागलो, कारण घाबरलो की मला वाचायला लागतं. काहीही चालतं, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा. आत ती साहेबाला सांगत असणार की बाहेर एक म्हातारा उभा आहे, कागदावर लादीवाला आहे, हात कारकुनाचे आहेत. मग साहेब येईल. मग मला खोलीत नेतील. कुणी मोठ्यानं विचारलं की मी खरं सांगून टाकतो हे वासंतीला माहीत आहे, अलीला माहीत आहे, म्हणून तर अलीनं मला धंदा बदलला त्या वेळी शंभरदा बजावलं होतं, "गुरू, कोई पूछे तो बस नअम बोलना. नअम, मुबल्लित. आगे एक लफ्ज नहीं." अली म्हणजे आमच्या कंपनीचा मंदूब. सरकारी कचेऱ्यांतली सगळी कामं तोच करतो. माणूस वाईट नाही. त्यालाही वरून सांगितलेलं होतं. कामावर सौदी माणसं किती, ह्या सौदीकरणाच्या सरकारी हिशोबात आमच्या कंपनीचा रंग हिरव्याचा पिवळा झाला होता, कचेरीतल्या खुर्च्यांवर सौदी माणसं दाखवायची होती, आणि ज्यांना काढायचं नव्हतं त्यांचे धंदे इकाम्यावर बदलायचे होते. मी अझीझियातल्या आमच्या कचेरीत नकाशांच्या दालनात काम करतो. इंजिनीअर येतात, अमुक इमारतीचा तमुक मजला मागतात, मी तो काढून देतो आणि परत आला की जागेवर ठेवतो. आयुष्य त्यात गेलं. एका सकाळी अलीनं नवा इकामा समोर ठेवला आणि मी लाद्या बसवणारा झालो. माझ्याबरोबरच हनीफ बागेतला मजूर झाला. हनीफ म्हसळ्याचा, माझ्या शेजारच्या टेबलावर बसून सगळी पत्रं लिहायचा. तो दिवसभर हसत होता. "गुरूभाई, मी आता हुफूफला बदली मागतो," म्हणाला. "खजुरीच्या झाडावर चढायचा हुकूम तरी येईल. तुमचं काय, तुम्ही आपले आमच्या मोरीत दोन लाद्या बसवून द्या, खैरुन्निसा केव्हाची मागे लागलीय." मीही हसलो. घरी येऊन वासंतीला सांगितलं तेव्हा तीही हसली, पण चहा ओतता ओतता. त्यामुळे तिचं तोंड मला दिसलं नव्हतं.

पुढं हसण्यासारखं फारसं राहिलं नाही. तपासणीवाले यायचे त्या दिवशी खालच्या पहारेकऱ्याचा फोन यायचा, "मेहमान आये हैं," आणि आम्ही चुकीच्या धंद्याची माणसं मागच्या जिन्यानं उतरून गल्लीतल्या मलबाऱ्याच्या चहाच्या दुकानात जाऊन बसायचो. अलीनं माझ्या टेबलाखाली एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं होतं, त्यात साइटवरचे बूट आणि एक थापी. उतरायला वेळ मिळाला नाही तर ते घालायचे आणि साइटवरून नकाशा न्यायला आलोय असं सांगायचं. एकदाच ती वेळ आली. मी घाईघाईत बूट चढवले, थापी हातात घेतली, आणि तसाच नकाशांच्या कपाटाशी उभा राहिलो. तपासणीचा माणूस दारातून डोकावला आणि निघून गेला. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर डाव्या पायातला बूट उजव्यात गेलेला त्याला दिसला असता, आणि थापी मी पेनासारखी धरली होती. हनीफ त्या प्रसंगानंतर महिनाभरात फायनल एक्झिट घेऊन म्हसळ्याला गेला. जाताना म्हणाला, "मला लपायला लाज नाही वाटत हो. पण लपून परत येऊन तेच पत्र पुढं लिहायला घेतो ना, त्याची वाटते." मी राहिलो. वासंतीसाठी राहिलो असं मी स्वतःला सांगत आलो. तिचं सगळं इथं आहे, अझीझियातलं घर, खिडकीतला कढीपत्ता, शनिवारी तिच्याकडे पेटी शिकायला येणाऱ्या मुली. चिपळूणच्या नव्या फ्लॅटमध्ये तिला कोण ओळखतं? आणि मला तरी कोण? असं मी म्हणत आलो, आणि तिला विचारलं कधीच नाही. ह्या सुट्टीवर निघायच्या आदल्या दिवशी अली माझ्या टेबलाशी आला. "इकामा अगले महीने खलास," तो म्हणाला. "तज्दीद या निहाई? संडे को बता दो. नवे बूट मागवायचे तर मागवतो," हे शेवटचं त्यानं अर्थात हिंदीत आणि हसत सांगितलं. नवं करायचं की कायमचं जायचं. उद्या रविवार आहे.

दार अजून बंद होतं. मागच्या रांगेतल्या कुणीतरी दुसरी रांग धरली.

आम्ही परतत होतो ते पालेर्मोहून, आणि तिथं जायचं माझ्या डोक्यात आलं नसतं. आमच्यात सुट्टी म्हणजे गाव. ब्लँकेटं, अत्तरं, खजूर, दुधाच्या पावडरीचे डबे असं भरून घ्यायचं आणि गावी जाऊन वाटायचं, ह्यापलीकडे इथल्या माणसाला दुसरी सुट्टी ठाऊक नाही. मी मात्र बलदमधल्या एका रद्दीवाल्याकडे खूप वर्षांपूर्वी त्या शहराचं एक चित्रांचं पुस्तक घेतलं होतं, इटालियनमध्ये, मजकूर एक अक्षर न कळणारा. ते मी रात्री जेवल्यावर उघडून बसायचो आणि स्मृती लहानपणी माझ्या मांडीवर बसून सोनेरी भिंतींवर बोट फिरवायची. तिनं पुण्याहून परस्पर तिकिटं काढली, हॉटेल ठरवलं, आणि फोनवर म्हणाली, "बाबा, डोन्ट से नो. नॉन-रिफंडेबल आहे." व्हिसाच्या खिडकीवरच्या मुलानं माझे कागद वाचून विचारलं होतं, लाद्यांचं काम बघायला चाललात का? मी नअम म्हणालो होतो. आता वाटतं, त्यानं ते किती सरळ मनानं विचारलं होतं.

आणि मी खरोखर तेच बघायला गेलो होतो. राजवाड्यातल्या त्या प्रार्थनागृहात शिरलो तेव्हा पहिल्यांदा मला काहीच दिसलं नाही, नुसतं अंगावर ऊन पडल्यासारखं झालं. वासंती म्हणाली, "अगं बाई." मग हळूहळू भिंती दिसायला लागल्या, सोन्याच्या काचेचे नखाएवढे तुकडे, त्यांतून घडलेले दाढीवाले संत, मासे, झाडं, गाढव. कानाला लावलेल्या यंत्रातून एक बाई इंग्रजीत सांगत होती की हे तुकडे सपाट बसवलेले नाहीत, मुद्दाम थोडे थोडे तिरपे बसवले आहेत, म्हणून माणूस चालायला लागला की भिंत चमकते. मी दोन पावलं चाललो. भिंत चमकली. मी मागे आलो. पुन्हा चमकली. आमच्या साइटवर अशी लादी बसली असती तर फोरमननं रातोरात उखडून टाकली असती, असं माझ्या मनात आलं, आणि मी कपाळावर हात मारावा तसा थांबलो, कारण हा विचार एका लादीवाल्याचा होता. कुणी बसवल्या असतील? बसवणाऱ्याचा अंगठा शेवटी उमटत असेल का? मग मान वर केली. वरचं छत लाकडाचं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं कोरलेलं, आणि त्याच्यावर, ख्रिस्ती राजाच्या ख्रिस्ती देवळात, अरबी अक्षरं. म्हणजे इकडून तिकडं कामाला गेलेली माणसं तेव्हाही होती, आणि वर, कुणाचे डोळे पोचणार नाहीत अशा उंचीवर, आपल्या लिपीत लिहीत होती. मी मान मोडेपर्यंत वाचत होतो. जुनं वळण, नुक्ते नाहीत, काही लागत नव्हतं. एका ठिकाणी 'बरका' वाचल्यासारखं वाटलं. बरकत. तसं तिथं होतं की मला हवं होतं म्हणून दिसलं, हे मी आजही सांगू शकणार नाही. वासंतीला दाखवलं. ती म्हणाली, "असेल हो. तुम्ही म्हणताय तर असेल." मग मानेला आधार म्हणून तिनं आपली पर्स माझ्या मानेमागे धरली आणि आम्ही तसेच उभे राहिलो, वर बघत, एखाद्या फोटोवाल्यासमोर उभं राहावं तसे.

दुसऱ्या दिवशी चित्रांच्या घरात ती बाई भेटली. लहानसंच चित्र, वर्तमानपत्राच्या पानाएवढंही नाही. निळी ओढणी डोक्यावरून घेतलेली, एका हातानं ती गळ्याशी धरलेली, समोर पुस्तक उघडं. पान जरासं उचललेलं. आणि दुसरा हात पुढं आलेला, आपल्याकडे, हवेत थांबलेला. देवदूत आलाय आणि ती वाचता वाचता वर बघतेय, अशी ती बायबलमधली गोष्ट आहे हे मला माहीत होतं, पण देवदूत चित्रात कुठंच नव्हता. त्याच्या जागी मी उभा होतो. मला संकोच वाटला. वाचणाऱ्या माणसाला मध्येच हटकणं मला जन्मात जमलेलं नाही, आणि इथं मी जणू नेमकं तेच केलं होतं. वासंती खूप वेळ बघत राहिली. तिला चित्रांतलं काही कळत नाही असं ती स्वतःच सांगते. "ती काय म्हणतेय कळलं का?" तिनं विचारलं. मी चित्राशेजारच्या पाटीवर वाचलेलं सांगायला लागलो, तर ती म्हणाली, "छे हो. म्हणतेय, जरा थांबा, पान संपू दे." आणि पुढच्या दालनात निघून गेली. मी तिथंच होतो. चित्रातला तो हात किती शांत होता. त्यात नाही म्हणणं नव्हतं, घाई नव्हती.

संध्याकाळी हॉटेलकडे परतताना एका बांगलादेशी पोराच्या दुकानात शिरलो. लिंबं, केळी, फोनचे चार्जर, सगळं एका फळीवर. आमचं मराठी ऐकून तो हिंदीत बोलायला लागला. "सौदी से? मेरा भाई दम्माम में है. बहुत टेन्शन में है, चाचा, नौकरी का." वासंती लिंबं निवडत होती. मोठी लिंबं, आपल्या ईडलिंबांएवढी. पोरानं विचारलं, "आप क्या काम करते हैं?" मी तोंड उघडलं. मुबल्लित म्हणायची सवय झालेली होती. नकाशांचं सांगायची सवय मोडलेली होती. आणि दोन्हींच्या मधून तिसराच शब्द बाहेर पडला. "रिटायर," मी म्हणालो. "अच्छा है," पोरगा म्हणाला, "अभी घूमो." बस, एवढंच. त्यानं लिंबं पिशवीत घातली. मी पैसे दिले. पण दुकानाबाहेर पाय टाकला तेव्हा मला पायांत काही नसल्यासारखं वाटलं, म्हणजे साइटवरचे जड बूट काढल्यावर अनवाणी पाय जसे आपोआप वर उचलले जातात तसं. आणि लगेच मी दचकलो. खोटं बोललो होतो. परक्या पोराशी, काही कारण नसताना. वासंतीकडे पाहिलं, ती लिंबाचा वास घेत होती. तिनं ऐकलं नसावं असं मी ठरवलं. वाटेत तिनं एका दुकानात भलीमोठी रंगीत थाळी हातात घेतली, लिंबांच्या चित्राची, सकाळपासून ती अझीझियातल्या बैठकीच्या भिंतीसाठी शोधत होती तशीच. उलटसुलट करून पाहिली आणि परत ठेवली. "राहू दे," म्हणाली, "कुठं लावणार." मी म्हणालो, घड्याळाच्या खाली लावू. ती माझ्याकडे बघून हसली आणि एक हातात मावेल एवढी छोटी वाटी तेवढी घेतली. मला वाटलं, किमतीमुळे. मी असाच विचार करतो. त्या रात्री बाल्कनीत बसून आम्ही लिंबू कापून मीठ लावून खाल्लं, तिकडं सालीसकट खातात म्हणे, आणि खालच्या रस्त्यावर कुणीतरी मोठमोठ्यानं हसत होतं, आणि मला तो शब्द पुन्हा एकदा म्हणून बघावासा वाटत होता. म्हटला नाही.

मागचं दार उघडलं.

साहेब नव्हता. ती एकटीच होती आणि तिच्या हातात तिचा फोन होता. काउंटरवर फोन ठेवायला बंदी असावी, तो आणायला ती आत गेली होती. खुर्चीवर बसून तिनं तो काचेला लावून धरला. मी चष्मा वर करून वाकलो. एका न्हाणीघराची भिंत होती. फिकट हिरव्या लाद्या, आणि मध्ये पडलेल्या दातांसारखी भगदाडं. "माय हाउस," ती म्हणाली. "थ्री टाइम फिक्स. थ्री टाइम फॉल. व्हाय, या अम्मी?"

या अम्मी म्हणजे अहो काका. तिला फक्त कारण हवं होतं. तिला वाटत होतं, ज्याचे हात इतकी वर्षं लाद्या बसवून असे राहिले तो खरा कसबी. मी फोटोकडे बघत राहिलो. काहीतरी सांगता आलं असतं, ओल असेल, सिमेंट कमी पडलं असेल. नकाशांबरोबर येणारे कागद मी सगळे वाचलेले आहेत. नअम म्हणण्याइतकंच ते सोपं होतं. ती इतकी विश्वासानं बघत होती. आणि माझ्यानं ते होईना. मी हळूच म्हणालो, "मा अदरी." मला माहीत नाही.

तिच्या भुवया नकाबाच्या वर चढल्या. "मुबल्लित, मा अदरी?"

आता. आता ती विचारील आणि मी सांगून टाकीन. बाजूला वासंतीचा श्वास मला ऐकू येत होता. मी माझ्या हातांकडे पाहिलं, आणि जे बोललो ते अलीनं शिकवलेलं नव्हतं, मीही जुळवून ठेवलेलं नव्हतं. "खलास, या बिन्ती," मी म्हणालो. "अना खलास. नो मोअर टाइल." संपलं, मुली, माझं संपलं.

"तकाउद?" तिनं विचारलं. निवृत्त?

"नअम," मी म्हणालो. आणि ह्या खेपेला ते खोटं नव्हतं. निदान उद्यापासून नव्हतं.

"मबरूक, या अम्मी," ती म्हणाली. अभिनंदन. तिनं शिक्का उचलला आणि दोन्ही पासपोर्टांवर असा मारला की टेबलावरचं पेन उडालं. मग फोनमधल्या आपल्या भिंतीकडे एकदा खेदानं बघून तिनं तो उपडा ठेवला आणि पुढच्या माणसाला हाक मारली, "यल्ला."

आम्ही चालायला लागलो. मोठं दालन, फरशी गुळगुळीत, आणि मी जन्मात पहिल्यांदा तिच्याकडे बघत चाललो होतो, सांधे किती सरळ, एक तुकडा तिरपा नाही. सामानाच्या पट्ट्याशी पोचलो. मला वाटत होतं की वासंती आता विचारणार, कढीपत्त्याचं काय, मुलींच्या पेटीचं काय, मला न विचारता एका पोलिसिणीला कसं सांगितलंत. आणि तिचं म्हणणं बरोबर असणार होतं. मी वाक्यं तयार करत होतो. मग माझ्या दंडाला काहीतरी लागलं म्हणून वळून बघितलं तर ती हसत होती, तोंडाला पदर लावून, खांदे हलत होते.

"न्हाणीघर!" ती म्हणाली. "आणि तुम्ही तळहात दाखवत उभे!"

"वासंती," मी म्हणालो, "मी आता बोललो ते..."

"ऐकलं."

"म्हणजे तुला विचारायला हवं होतं. तुझं इथं सगळं..."

"दुसऱ्यांदा बोललात," ती म्हणाली. डोळे पुसत होती. "पहिल्यांदा लिंबांच्या दुकानात. तेव्हापासून वाट बघतेय, हा माणूस परत कधी म्हणतोय. हनीफभाई गेले तेव्हापासून म्हणा ना."

ती थाळी तिनं परत ठेवली होती. कुठं लावणार, म्हणाली होती. "मग तू का नाही बोललीस?" मी विचारलं. "एवढे दिवस?"

तिनं हात पुढं केला, तळवा जरासा उघडा, हवेत थांबलेला, अगदी त्या निळ्या ओढणीवालीसारखा. "तुमचं पान संपू दिलं," ती म्हणाली.

पट्टा सुरू झाला. आमची बॅग सगळ्यांत आधी आली, हँडलला स्मृतीनं बांधायला सांगितलेली लाल रिबीन. ती समोरून गेली. आम्हा दोघांपैकी कुणीच हात पुढं केला नाही. फिरून येणारच होती.